एका अणूच्या जाडीचा थर टेराहर्ट्झमध्ये मोजताना: सबस्ट्रेटच्या निवडीपासून ड्रूड फिटपर्यंत

ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकेरी थर. त्याची जाडी ०.३३५ नॅनोमीटर, तर १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ३०० मायक्रोमीटर. म्हणजे थराची जाडी तरंगलांबीच्या जवळजवळ नऊ लाखाव्या भागाइतकी. तरीही चांगल्या प्रतीचे ग्राफीन टेराहर्ट्झ पल्सचा आयाम सहज दहा-पंधरा टक्क्यांनी घटवते, कारण त्यातले मुक्त वाहक (मोकळे हलणारे इलेक्ट्रॉन किंवा होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) या वारंवारतेला जोरदार प्रतिसाद देतात. दृश्य प्रकाशात हाच थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो. तारा न जोडता, थराला हात न लावता त्याची वाहकता, वाहक घनता आणि मोबिलिटी (वाहक किती सहज हलतात ते) काढता येते ती या प्रतिसादामुळे. पद्धत अशी: टेराहर्ट्झची छोटी पल्स थरातून पाठवायची, तिचा आकार वेळेनुसार नोंदवायचा आणि त्यावरून प्रत्येक वारंवारतेचा आयाम व फेज (तरंग किती मागे-पुढे सरकला ते) काढायची.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ध्यानात ठेवावी. इथे थर थेट मोजला जात नाही. थर असलेला सबस्ट्रेट (थर ज्यावर बसवतात तो आधाराचा तुकडा) आणि थर नसलेला सबस्ट्रेट यांच्यातला फरक मोजला जातो. म्हणून निम्म्याहून अधिक चुका ग्राफीनमध्ये नसतात, त्या संदर्भ म्हणून घेतलेल्या कोऱ्या सबस्ट्रेटमध्ये असतात. पुढची सगळी पद्धत त्या संदर्भाला जपण्यासाठी आहे.

काय मोजायचे ते आधी ठरवा

पुष्कळ जण सवयीने अपवर्तनांक आणि शोषणांक काढायला जातात. एकेरी थरासाठी हे टाळावे. त्यासाठी जाडीने भागावे लागते, आणि एका अणूच्या थराची 'जाडी' ही मानण्यावर असते. ०.३३५ ऐवजी ०.५ नॅनोमीटर धरले की परावैद्युत स्थिरांक लगेच बदलतो, पदार्थ मात्र तोच राहतो. ज्याला जाडी लागत नाही ती राशी म्हणजे शीट वाहकता. तिचे एकक सीमेन्स. ती संमिश्र संख्या असते, दोन भागांची: वास्तव भाग शोषण सांगतो, काल्पनिक भाग वाहकांच्या जडत्वामुळे येणारा उशीर सांगतो.

अंदाजासाठी एक आकडेमोड करून ठेवू, ती पुढे सारखी लागेल. समजा ग्राफीनची फर्मी ऊर्जा (वाहकांनी भरलेल्या पातळ्यांची कड) ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि वाहकांचा विखुरण्याचा काळ (दोन टकरींमधला सरासरी काळ) ५० फेमटोसेकंद. तर वाहक घनता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६.६ लाख कोटी येते, शून्य वारंवारतेची शीट वाहकता सुमारे १.७७ मिलीसीमेन्स, म्हणजे शीट रोध सुमारे ५६५ ओम, आणि मोबिलिटी दर व्होल्ट-सेकंदाला १,७०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. वाफेतून तांब्यावर वाढवलेल्या साध्या ग्राफीनसाठी हे आकडे अगदी वास्तवातले आहेत. १ टेराहर्ट्झला या थराचा वास्तव भाग १.६१ आणि काल्पनिक भाग ०.५१ मिलीसीमेन्स येतो.

सबस्ट्रेट निवडताना

अपवर्तनांक जितका कमी, तितका थराचा ठसा जास्त उमटतो. १ मिलीसीमेन्सचा थर उच्च रोधाच्या सिलिकॉनवर (अपवर्तनांक ३.४२) आयाम सुमारे ७.९ टक्क्यांनी घटवतो. वितळवून केलेल्या सिलिका काचेवर (१.९५) तोच थर ११.३ टक्के घट देतो, आणि सीओसी प्लास्टिकवर (१.५२) सुमारे १३ टक्के.

मग सगळेच सिलिकॉन का वापरतात? कारण ते टेराहर्ट्झमध्ये जवळजवळ पूर्ण पारदर्शक आहे, सपाट मिळते आणि ट्रान्सफर, म्हणजे वाढवलेला थर उचलून सबस्ट्रेटवर ठेवणे, त्यावर नीट जमते. फक्त ते फ्लोट-झोन पद्धतीचे आणि किमान ५,००० ओम-सेंटीमीटर रोधाचे हवे. इलेक्ट्रॉनिक्सची साधी वेफर, १ ते १० ओम-सेंटीमीटरची, घेतली तर तिचे स्वतःचे वाहकच पल्स गिळतात. वरचा ९० किंवा ३०० नॅनोमीटरचा ऑक्साइड थर टेराहर्ट्झला दिसतही नाही, तो राहू द्यावा. ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली ग्राफीन दिसायला त्याचीच मदत होते.

सिलिकॉनचा एक दोष मात्र हमखास फसवतो. त्यावर प्रकाश पडला की त्यात वाहक तयार होतात. खोलीतला दिवा किंवा ८०० नॅनोमीटर लेझरचा उरलासुरला प्रकाश पुरेसा होतो. नमुन्याचा डबा काळ्या कापडाने झाकावा आणि पल्स निर्माण करणाऱ्या एमिटरनंतर काळ्या पॉलिथिनचा किंवा टेफ्लॉनचा गाळणीपत्रा लावावा. दिवा लावून आणि बंद करून कोऱ्या सिलिकॉनचे एकेक मोजमाप घ्या. फरक दिसला तर गळती आहे.

सिलिका काचेचे शोषण वारंवारतेबरोबर वाढत जाते, त्यामुळे जाड तुकडा वरच्या पट्ट्यात निरुपयोगी ठरतो. स्फटिकी क्वार्ट्झ आणि सफायर चांगले, पण दोन्ही द्विअपवर्तनी आहेत. सफायरचे दोन अपवर्तनांक ३.०७ आणि ३.४१, म्हणजे फरक मोठा. ते स्फटिकाच्या प्रकाशीय अक्षाला (सी-अक्षाला) लंब कापलेलेच घ्यावे. नाहीतर नमुना होल्डरमध्ये थोडा फिरला तरी पल्सचा आकार बदलतो आणि तो बदल थराच्या नावावर जमा होतो.

जाडी किती असावी? पल्स सबस्ट्रेटमध्ये पुढे-मागे आपटून प्रतिध्वनी देते. अर्धा मिलिमीटर सिलिकॉनमध्ये पहिला प्रतिध्वनी मुख्य पल्सनंतर ११.४ पिकोसेकंदांनी येतो, १ मिलिमीटरमध्ये २२.८ पिकोसेकंदांनी. मुख्य पल्स प्रतिध्वनीच्या आधी कापायची असते आणि वारंवारतेची स्पष्टता या कालखिडकीच्या उलट प्रमाणात असते: ११ पिकोसेकंदांना सुमारे ९० गिगाहर्ट्झ, २२ पिकोसेकंदांना ४५ गिगाहर्ट्झ. ड्रूड प्रतिसाद (टकरा खात हलणाऱ्या मुक्त वाहकांचा प्रतिसाद) रुंद आणि गुळगुळीत असल्यामुळे ९० गिगाहर्ट्झही चालते. तरी जागा असेल तर १ मिलिमीटरच घ्यावे.

नमुन्याचा आकार आणि तपासणी

फोकसवर एकवटलेला टेराहर्ट्झ झोतही विवर्तनामुळे पसरट असतो: १ टेराहर्ट्झला साधारण १ ते २ मिलिमीटर, ०.३ टेराहर्ट्झला त्याच्या तिपटीहून अधिक. म्हणून सलग थर किमान १० × १० मिलिमीटर हवा आणि धातूच्या होल्डरचे छिद्र ८ मिलिमीटरहून लहान नको. चिकटपट्टीने सोलून काढलेले दहा-वीस मायक्रोमीटरचे तुकडे या पद्धतीने मोजताच येत नाहीत. त्यांना टोकदार सुईची निकट-क्षेत्र पद्धत किंवा चिपवरचे वेव्हगाईड लागतात.

ट्रान्सफर ओल्या पद्धतीचा असेल तर तांबे विरघळवायला फेरिक क्लोराइडपेक्षा ०.१ मोलरच्या आसपासचे अमोनियम पर्सल्फेट बरे. फेरिक क्लोराइड लोखंडाचा अंश मागे ठेवते. शुद्ध पाण्यात तीन-चार वेळा धुवावे. ट्रान्सफरवेळी थराला आधार देणारे पीएमएमए प्लास्टिक काढल्यावरही त्याचा पातळ लेप राहतो. तो टेराहर्ट्झला दिसत नाही, पण ग्राफीनला डोप करून, म्हणजे त्याला वाहक देऊन किंवा त्यातले काढून, वाहक घनता बदलतो.

मोजण्याआधी रामन वर्णपट (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून मिळणारा अणूंच्या कंपनांचा वर्णपट) घ्या. ग्राफीनची जी रेषा १,५८० आणि टू-डी रेषा २,७०० प्रतिसेंटीमीटरच्या आसपास येते. १,३५० जवळची डी रेषा उंच असेल तर थर जखमी आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये दोन मुख्य रेषांमधले अंतर बघा: एकेरी थरात सुमारे १९, जाड स्फटिकात सुमारे २५ प्रतिसेंटीमीटर.

कोरा सबस्ट्रेट: इथेच सगळा खेळ आहे

हा भाग सावकाश वाचावा.

वरच्या उदाहरणातला थर १ टेराहर्ट्झला पल्सच्या फेजमध्ये फक्त ०.०३८ रेडियन, म्हणजे २.२ अंशांचा बदल करतो. वेळेत मोजला तर हा ६ फेमटोसेकंदांचा फरक. आता समजा संदर्भासाठी घेतलेला दुसरा तुकडा नमुन्याच्या तुकड्यापेक्षा फक्त १ मायक्रोमीटरने पातळ किंवा जाड आहे. सिलिकॉनमध्ये त्यामुळे १ टेराहर्ट्झला ०.०५ रेडियनची चूक येते. म्हणजे चूक खऱ्या संकेताहून मोठी. ही चूक गणितातून पुढे नेली की काल्पनिक वाहकतेत सुमारे ०.७ मिलीसीमेन्सची खोटी भर किंवा घट होते, जेव्हा खरी किंमतच ०.५१ आहे. एका बाजूला चूक झाली तर विखुरण्याचा काळ दुप्पट दिसतो, दुसऱ्या बाजूला झाली तर काल्पनिक भाग ऋण होतो आणि 'कणसीमांवर (थरातल्या स्फटिककणांच्या सीमांवर) वाहक अडकतात' असा निष्कर्ष निघतो. एकाच वेफरमधून कापलेल्या दोन तुकड्यांतही काही मायक्रोमीटरांचा फरक नेहमीचा असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. एकच सबस्ट्रेट घ्या, साधारण १० × २५ मिलिमीटरचा. त्याच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात खूण करा. ट्रान्सफर करण्याआधी, तो पूर्ण कोरा असतानाच, जिथे पुढे ग्राफीन येणार ती जागा आणि जी कोरी राहणार ती जागा, दोन्ही मोजून घ्या. या दोन पल्समधला वेळेचा फरक म्हणजे दोन जागांच्या जाडीतला फरक. सिलिकॉनमध्ये १ मायक्रोमीटरला मुख्य पल्स ८ फेमटोसेकंद सरकते, आणि प्रतिध्वनी व मुख्य पल्स यांच्यातले अंतर २३ फेमटोसेकंद बदलते, म्हणून प्रतिध्वनीवरून जाडी जास्त नेमकी कळते. ट्रान्सफरनंतर हीच दुरुस्ती फेजमध्ये वजा करायची. ग्राफीन बसवल्यावर मात्र ग्राफीनच्या जागेचा प्रतिध्वनी जाडीसाठी वापरू नये, त्यात थराची स्वतःची फेज मिसळलेली असते.

कोरे मोजमाप राहून गेले असेल तर फेज सोडून द्या आणि फक्त आयामावरून वास्तव भाग काढा. अर्धी माहिती खरी असलेली बरी.

मोजमाप घेताना

डब्यात कोरडा नायट्रोजन सोडा आणि सापेक्ष आर्द्रता १ ते २ टक्क्यांखाली येईपर्यंत थांबा. पाण्याच्या वाफेच्या रेषा ०.५५७, ०.७५२, ०.९८८, १.०९७ आणि १.१६३ टेराहर्ट्झला असतात. नमुना आणि संदर्भ यांच्या मधल्या काळात आर्द्रता बदलली तर नेमक्या याच जागी वाहकतेत काटे उगवतात. याच रेषांचा एक उपयोगही आहे: एकदा ओल्या हवेत मोजा आणि त्या योग्य जागी दिसतात का बघा. वारंवारतेचा अक्ष बरोबर असल्याची ही सर्वांत स्वस्त खात्री.

इथे एक सूक्ष्म अडचण असते. हवेतले पाणी आणि ऑक्सिजन ग्राफीनला धन-प्रकारचे डोपिंग देतात. नायट्रोजनमध्ये ते हळूहळू सुटते, त्यामुळे डबा कोरडा झाल्यावरही वाहकता सरकत राहते. दर दहा मिनिटांनी एक छोटे मोजमाप घेऊन आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी.

पल्सचा विलंब बदलणाऱ्या डिले स्टेजचा आरसा ०.१५ मिलिमीटर सरकला की १ पिकोसेकंद विलंब होतो. पायरी ०.०५ पिकोसेकंदांची, म्हणजे ७.५ मायक्रोमीटरची, ठेवली तर १० टेराहर्ट्झपर्यंत पुरते. पायरी बारीक करण्यात फायदा नाही. स्टेज पुन्हा त्याच जागी येते का, हे जास्त महत्त्वाचे: ८ फेमटोसेकंद म्हणजे आरशाचे फक्त १.२ मायक्रोमीटर. गोंगाटातून संकेत वेगळा काढणाऱ्या लॉक-इन यंत्राचा कालस्थिरांक जितका, त्याच्या तीन ते पाच पट वेळ प्रत्येक पायरीवर थांबा, नाहीतर पल्स पुसट होऊन मागे सरकते.

एक लांब संथ मोजमाप घेण्यापेक्षा अनेक छोटी घ्या, आणि ती आलटून पालटून: संदर्भ, नमुना, संदर्भ, नमुना, शेवटी पुन्हा संदर्भ. कारण तापमान. फायबर असलेल्या यंत्रात एक मीटर फायबर एका अंशाने तापले तरी काही दहा फेमटोसेकंदांचा विलंब येतो. आपला संकेत ६ फेमटोसेकंदांचा आहे. लागोपाठच्या दोन संदर्भांची सरासरी मधल्या नमुन्याला लावली की संथ सरकणे बरेचसे कटते. लेझर सुरू करून किमान तासभर तरी तापू द्यावा.

दोन संदर्भांचे आपसातले गुणोत्तर काढा. ते १ पासून जितके ढळते तितकी आपली खरी अचूकता. यंत्राच्या माहितीपत्रकातल्या डेसिबलपेक्षा हा आकडा विश्वासाचा. गुणोत्तर ०.१ टक्क्यात स्थिर असेल, तर सिलिकॉनवर १२ आणि सिलिका काचेवर ८ मायक्रोसीमेन्सखालची वाहकता दिसणार नाही.

आकडेमोड

दोन्ही पल्सना एकच कालखिडकी लावा. खिडकी मुख्य पल्सच्या ३ ते ५ पिकोसेकंद आधी सुरू करून प्रतिध्वनीच्या थोडी आधी संपवा, मधे सपाट आणि कडांना उतरती. प्रत्येक पल्सच्या शिखरावर वेगळी खिडकी ठेवून तिथे शून्य वेळ मानण्याची चूक वारंवार होते. त्याने दोघींमधला वेळेचा फरक पुसला जातो, म्हणजे फेज गेलीच. मागे शून्ये जोडल्याने आलेख गुळगुळीत दिसतो, स्पष्टता वाढत नाही.

दोन्हींचे फूरिए रूपांतर करा आणि संमिश्र संख्यांनीच भाग द्या. सबस्ट्रेट एकच असल्याने फेज लहान राहते आणि ती उलगडण्याची गरज पडत नाही. नंतर टिंकहॅमचे सूत्र:

नमुना ÷ संदर्भ = (१ + अपवर्तनांक) ÷ (१ + अपवर्तनांक + ३७६.७ × शीट वाहकता)

३७६.७ ओम हा मोकळ्या अवकाशाचा इंपीडन्स. उलटवले की:

शीट वाहकता = (१ + अपवर्तनांक) ÷ ३७६.७ × (संदर्भ ÷ नमुना − १)

थर पुढच्या बाजूला असो की मागच्या, पहिल्या पल्ससाठी सूत्र तेच.

चिन्हाकडे लक्ष द्या. नमपायसारख्या संगणकीय साधनांचे फूरिए रूपांतर ज्या चिन्हाने चालते, त्यात ड्रूड थराचा काल्पनिक भाग ऋण येतो. बहुतेक भौतिकशास्त्राच्या लेखनात तो धन धरतात. आपल्या निकालाची संयुग्मी संख्या घेतली की दोन्ही जुळतात. हे न केल्यामुळे अगदी साधे ग्राफीन 'विचित्र' ठरवले जाते.

प्रतिध्वनी फेकून देऊ नका. तो थरावर आतून एकदा परावर्तित होतो आणि थरातून एकदा पार होतो, म्हणून जास्त संवेदनशील असतो. आपल्या उदाहरणात कमी वारंवारतेला मुख्य पल्स सुमारे १३ टक्के घटते, तर प्रतिध्वनी सुमारे ४५ टक्के. त्याच्या आयामातून काढलेली वाहकता मुख्य पल्सशी जुळली तर निकाल भक्कम.

ड्रूड फिट आणि त्याच्या मर्यादा

१ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा ४.१ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. फर्मी ऊर्जेच्या दुपटीपुढे, इथे ६०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपुढे, ती नगण्य आहे, म्हणून ऊर्जापट्ट्यांमधली इलेक्ट्रॉनची उडी बंद असते आणि फक्त मुक्त वाहकांचा प्रतिसाद उरतो. ड्रूड सूत्रात दोनच अज्ञात: शून्य वारंवारतेची वाहकता आणि विखुरण्याचा काळ. वास्तव आणि काल्पनिक भाग एकत्रच फिट करा.

काळ किती खात्रीने कळेल, हे तो किती मोठा आहे यावर ठरते. ५० फेमटोसेकंदांना वास्तव भाग ०.३ पासून २ टेराहर्ट्झपर्यंत सुमारे २८ टक्क्यांनी उतरतो, हे स्पष्ट दिसते. २० फेमटोसेकंदांना २ टेराहर्ट्झलाही तो शून्य वारंवारतेच्या किमतीपेक्षा फक्त ६ टक्क्यांनी खाली असतो, आणि मग सगळी मदार फेजवर येते. अशा वेळी वाहकता छापावी, मोबिलिटी छापू नये.

वास्तव भाग वारंवारतेबरोबर वाढत असेल तर ड्रूड-स्मिथ सूत्र लोभस वाटते. त्यात ० ते −१ मधला एक जास्तीचा आकडा असतो, तो −१ कडे गेला की वाहक कणसीमांवरून मागे फिरतात असा अर्थ. ते लावण्याआधी दोन गोष्टी तपासा: जाडीची दुरुस्ती केली आहे का, आणि कमी वारंवारतेचा पसरट झोत थराच्या कडेबाहेर किंवा होल्डरच्या छिद्राला लागतो आहे का. दुसरी चूक अगदी असाच वाढता आलेख देते. नमुना १ मिलिमीटर बाजूला सरकवून पुन्हा मोजा. आलेखाचा उतार बदलला तर ती भूमिती आहे, भौतिकशास्त्र नाही.

शेवटी चार टोकांच्या विद्युत मोजमापाशी तुलना करा. टेराहर्ट्झमध्ये वाहक एका आवर्तनात अगदी थोडे अंतर हलतात, त्यामुळे चिरा आणि सुरकुत्या त्यांना फारशा भेटत नाहीत. म्हणून टेराहर्ट्झची वाहकता विद्युत मोजमापाइतकी किंवा जास्त यायला हवी. जास्त आली तर थर फाटका आहे. कमी आली तर झोत थराबाहेर सांडतो आहे किंवा संदर्भ चुकला आहे.

अर्धवाहक थरांसाठी

मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या एकेरी थरात डोपिंग नसेल तर वाहकता मायक्रोसीमेन्सच्या घरात राहते. सिलिकॉनवर १० मायक्रोसीमेन्स म्हणजे आयामात फक्त ०.०८५ टक्के बदल, तो वर सांगितलेल्या मर्यादेखाली बुडतो. तिथे साधे मोजमाप सोडून लेझर पल्सने (हिला पंप म्हणतात) वाहक उठवावे लागतात आणि प्रकाश चालू-बंद करून फरक मोजावा लागतो. यात संदर्भ त्याच जागेचा, त्याच क्षणाचा असल्यामुळे जाडीची चूक आपोआप जाते.

सबस्ट्रेट सिलिकॉन नको, कारण पंप प्रकाश त्यातच जास्त वाहक तयार करेल. सफायर किंवा क्वार्ट्झ घ्या, आणि कोऱ्या सफायरवर पंप लावून संकेत शून्य येतो का ते आधी पाहा. पंपाचा ठिपका टेराहर्ट्झ ठिपक्याच्या दोन-तीन पट मोठा हवा. पंपाची तीव्रता अर्धी केल्यावर संकेतही अर्धा होतो का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निकाल वाचताना एक ध्यानात असू द्या: या थरांत इलेक्ट्रॉन आणि होल काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या बंधाने एक्सायटॉन बनून राहतात. उदासीन एक्सायटॉन काही टेराहर्ट्झच्या पट्ट्यात ड्रूडसारखा शोषत नाही. म्हणून शोषलेले फोटॉन मोजून तितकेच वाहक धरले आणि संकेताला त्यांनी भागले, तर मोबिलिटी खरीपेक्षा कमी निघते. डोप केलेल्या ग्राफीनमध्ये पंपानंतर टेराहर्ट्झ पारगमन वाढलेले दिसेल. ती चिन्हाची चूक नाही: तापलेल्या वाहकांची वाहकता तिथे खरोखरच घटते. तेच जवळजवळ उदासीन ग्राफीन उलट दिशेला जाते, आणि या चिन्हावरूनच नमुना किती डोप आहे याचा पहिला अंदाज बांधता येतो.